लेव्हलकर

लेव्हलकर जिना चढत नाही, तपासतो. मधेच थांबून पायरीची उंची टेपनं मोजतो, वळणावर वाकून वर पाहतो आणि खूश होऊन म्हणतो, “वर कोण उभंय ते इथून अजिबात दिसत नाही!” वर दुधाची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या काकू दचकतात. आडनाव अर्थात सोसायटीनं बहाल केलेलं. मुलगा कलामहाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला व्हिडिओ गेममध्ये लेव्हल डिझाइनर व्हायचंय. म्हणजे नेमकं काय, हे तो घरच्यांना अधूनमधून समजावतो. घरचे ऐकून घेतात आणि मग विचारतात, “पण चित्रकला शिक्षकाची ए.टी.डी. करून ठेवायला काय हरकत आहे?”

मुलाच्या हाताबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षांना ‘ए’ ग्रेड. त्यानं रंगवलेल्या पितळी तांब्यावर खिडकीचं प्रतिबिंब गजांसकट दिसायचं. पाहुणे आले की वडील तो तांब्या दाखवत. अशा मुलानं अनरियल इंजिन हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर उघडून महिनाभर काय केलं, तर राखाडी ठोकळे. राखाडी भिंत, राखाडी जिना, राखाडी खड्डा. वडिलांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “रंग संपले का रे?”

त्याला ग्रेबॉक्स म्हणतात. लेव्हल आधी अशी बिनरंगाचीच उभी करायची. उडी मारली की पलीकडच्या कठड्यावर पाय पोचतो का, लपायला आडोसा आहे का, दारातून आत येताच लांबचा मनोरा नजरेत भरतो का, एवढंच बघायचं. चुकलं की ठोकळा सरकवायचा. दगडाचा पोत, शेवाळ, कोरीवकाम हे सगळं नंतर, आणि तेही बहुधा दुसऱ्याच कुणीतरी, म्हणजे एन्व्हायर्न्मेंट आर्टिस्टनं करायचं. लेव्हलकरला हे सुखासुखी पटलं नाही. पहिल्याच लेव्हलमध्ये पंधरवडा घालवून त्यानं एका खांबावर जुन्या देवळातल्यासारखी नक्षी कोरली. मित्र खेळायला बसला, त्या खांबाआड लपला, चार गोळ्या झाडल्या आणि पुढे निघून गेला. खांब त्याला आवडला होता. “जाड आहे, मस्त!” एवढीच कलासमीक्षा.

तेव्हापासून गड्याची दृष्टीच बदलली. कॉलेजची सहल रायगडावर गेली. बाकीचे जगदीश्वराच्या देवळाचं स्केच करत होते, हा महादरवाजाशीच अडकला. दरवाजा दोन बुरुजांच्या कवेत दडलेला. वाट अशी वळवलेली की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा आपण बुरुजांच्या ऐन माऱ्यात उभे असतो. “हा गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी नुसत्या वळणानं फौज अडवली, काका,” तो मला सांगत होता. “आमचं काम उलटं. आम्ही असा किल्ला बांधायचा, की दहा वेळा मरून का होईना, पण प्रत्येक जण आत शिरला पाहिजे. आणि शिरल्यावर त्याला वाटलं पाहिजे, मी स्वतःच्या हिमतीवर जिंकला!” असल्या बांधकामाबद्दल शिवकालात टकमक टोक दाखवलं असतं, हे मी मनातच ठेवलं.

वडिलांपुढे तो इतिहासाचे दाखले देतो. शिगेरू मियामोतो कानाझावाला इंडस्ट्रियल डिझाइन शिकला, १९७७ मध्ये निन्टेन्डोत लागला आणि १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या पहिल्या लेव्हलमध्ये एकही सूचना न लिहिता त्यानं जगाला उडी मारायला शिकवलं. समोरून शत्रू चालत येतो. पहिल्यांदा धडकतो, दुसऱ्यांदा माणूस आपोआप उडी मारतो. ‘काउंटर-स्ट्राइक’चा गाजलेला ‘डस्ट’ नकाशा १९९९ मध्ये डेव्ह जॉन्स्टननं विद्यार्थी असतानाच केला. “मग त्याच्या परीक्षेचं काय झालं?” वडील विचारतात. २०२० मध्ये आलेला ‘राजी’ हा गेम पुण्याच्या नोडिंग हेड्सनं बनवला, असं कळल्यावर मात्र ते थोडे विरघळले. “पुण्यात कुठल्या पेठेत?”

खरी परीक्षा घेतली आजीनं. नव्या लेव्हलची चाचणी घेताना खेळणाऱ्याला काही सांगायचं नसतं. मागे बसून, तोंड मिटून टिपणं घ्यायची. सोसायटीतली पोरं संपल्यावर पाळी आजीवर आली. अंधाऱ्या गल्लीच्या टोकाला त्यानं एक उजळलेलं दार ठेवलं होतं. माणूस उजेडाकडे ओढला जातो, हे या धंद्यातलं बाळकडू. आजी दारापर्यंत गेली आणि थांबली. बराच वेळ थांबली. लेव्हलकरला राहवेना. “आजी, आत का जात नाहीस?”

“दुसऱ्याच्या घरात दिवा दिसला म्हणून शिरायचं होय रे?”

वाट कळावी म्हणून पेरलेल्या सोन्याच्या मोहरा तिनं वळसा घालून टाळल्या. रस्त्यात पडलेलं कुणी उतरवून टाकलेलं असतं. राक्षस धावून आला, तेव्हा ती भिंतीला लागून उभी राहिली. “जाऊ दे बाई त्याला, घाईत दिसतोय.” खेळाडू कधी चुकत नसतो, चुकते ती लेव्हल, हा नियम लेव्हलकरनं वहीत पहिल्या पानावर लिहिलेला आहे. त्यानं मुकाट्यानं दाराआडच्या चौकात तुळशीवृंदावन बसवलं. आजी तडक आत गेली. फक्त ती प्रदक्षिणा घालत राहिल्यामुळे राक्षसाला बराच वेळ ताटकळावं लागलं.

नोकरीसाठी नमुने पाठवताना त्यानं नक्षीचा खांब वगळला आणि ती गल्ली ठेवली: आधी कशी होती, आजी कुठे अडली, मग काय हलवलं. एका स्टुडिओनं त्याला उमेदवार म्हणून घेतलं. “आजींना अजून काय काय खटकलं?” असं मुलाखतीत विचारलं म्हणे.

आता वडील पाहुण्यांना सांगतात, “चिरंजीव कंपनीत आहेत. नकाशे करतात.” ऐकणाऱ्यांचा समज होतो की पोरगा जमीन मोजणीत आहे. गावाकडचे एक चुलते बांधाच्या भांडणासाठी सातबारा घेऊन येऊन गेले, आणि त्यांच्यामागोमाग दोन स्थळंही आली. वडील खुलासा करत नाहीत. एक अक्षर खोटं न बोलता माणसांना हव्या त्या दारात आणून सोडायचं, हे बाबांना न शिकता जमतं, असं लेव्हलकर हल्ली फार आदरानं सांगतो.