कुणी बघत नाही, असा देश

जर्मनीच्या विमानतळावर पट्ट्यावरून बॅग उचलली की बाहेर पडायला दोन वाटा असतात, एक लाल आणि एक हिरवी. हिरव्या वाटेने जाणं म्हणजे ‘माझ्याकडे जाहीर करण्यासारखं काही नाही’ असा चालता चालता दिलेला जबाब. तिथे बहुतेक वेळा कुणी उभंही नसतं. नेमका इथेच मराठी माणूस गडबडतो. मॉलच्या दारात खिसे चाचपून घेण्यात, टीसीला तिकीट दाखवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला कुणी हटकलंच नाही तर आपल्या हातून काहीतरी गुन्हा होतोय असं वाटू लागतं.

माझी मावशी म्युनिकला लेकीकडे निघाली तेव्हा तो गुन्हा खरोखरच बॅगेत भरून तयार होता. मी तिला पोहोचवायला जाणार असल्यामुळे बॅग तपासण्याचा मान मला मिळाला. आत साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या आणि वर हापूस. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे निम्मी बॅग तिथेच रिकामी झाली. आंब्याला रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. 2014 साली तर फळमाशी सापडल्यामुळे युरोपने आपल्या आंब्यावर बंदीच घातली होती. बरोबरीने अळू, कारलं, पडवळ आणि वांग्यावरही. आंब्याची बंदी पुढच्याच वर्षी उठली. मावशीला याचा संताप आला. काकांना मात्र कारलं-पडवळ रोखून धरणाऱ्या सरकारबद्दल आदर वाटू लागला.

कसल्याही दाखल्याशिवाय चालणारी फळं पाचच आहेत: केळं, अननस, खजूर, नारळ आणि डुरियन. हे डुरियन इतकं घमघमतं की सिंगापूरच्या मेट्रोत ते न्यायला मनाई आहे. ते चालतं, हापूस चालत नाही! “बरं, मग सुकं खोबरं नेते,” मावशी म्हणाली. ते आपल्याच विमानतळावर अडतं. खोबऱ्यातलं तेल पेट घेईल अशी त्यांना भीती.

म्युनिकच्या मेट्रोला फाटक नाही, कार्ड टेकवायचा खांब नाही. सरळ जिना उतरा आणि गाडीत बसा. मात्र तिकिटावर शिक्का आधीच छापलेला नसेल, तर खाली जाताना भिंतीजवळच्या निळ्या पेटीत ते सारून आपल्या हाताने शिक्का उमटवायचा. नाहीतर खिशात तिकीट असूनही तुम्ही फुकटे, आणि दंड 60 युरो. तपासनीस साध्या कपड्यांत येतात. हे कळल्यापासून मावशी डब्यातल्या प्रत्येक सभ्य माणसाला तिकीट दाखवत असे. बरेच दिवस राहायचं असेल तर 63 युरोंत महिनाभराचा पास निघतो. देशभरातल्या बस, मेट्रो आणि जवळच्या पल्ल्याच्या गाड्या त्यावर चालतात, जलद गाड्या नाहीत. फक्त ती वर्गणी असते. महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द केली नाही, तर तुम्ही नाशिकला परतल्यावरही पैसे कापले जातात.

बाटलीचं प्रकरण वेगळं. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते. रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या यंत्राला दिली की चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर दाखवली की पैसे परत. आपल्याकडच्या बाटलीवर ‘वापरानंतर चुरगळा’ असं छापलेलं असतं, आणि मावशी छापील आज्ञा मोडत नाही. पहिल्या दिवशीच्या सगळ्या बाटल्या तिने पिळून सपाट केल्या. यंत्राने एकेक आत ओढली, जरा वेळ फिरवून पाहिली आणि परत ढकलली. मग मावशीने तिथेच, मागे रांग लागलेली असताना, प्रत्येक बाटलीत फुंकर मारमारून तिला पूर्वरूप दिलं. मागचे लोक एक शब्द बोलले नाहीत. जर्मन माणूस रांगेत बोलत नाही, फक्त श्वास जरा मोठ्याने सोडतो.

रविवारी दुकानं बंद. ही विश्रांती 1919च्या वायमार संविधानाच्या कलम 139 मध्ये लिहिलेली आहे आणि आजही लागू आहे. दूध, भाजी शनिवारीच भरून ठेवावी. अडलंनडलं तर मोठ्या स्टेशनातली दुकानं, पेट्रोलपंप, सकाळी काही तास बेकरी. घरात ड्रिल चालवायचं नाही, काचेच्या बाटल्याही कचरापेटीत टाकायच्या नाहीत, कारण खळखळाट होतो. इथे लक्ष ठेवायला पोलीस लागत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या आजी पुरतात.

एवढा नेमका देश, पण रेल्वेपुढे त्याने हात टेकलेत. 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर पोहोचल्या, आणि तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर हिशेबात न धरता. हॅम्बुर्गला निघालो तेव्हा आमचा डबा फलाटाच्या ‘ए’ भागात येणार होता. ऐन वेळी घोषणा झाली, डबे आज उलट क्रमाने लागतील. क्षणात अख्खा फलाट बॅगा ओढत धावत सुटला. मघाशी रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्यासाठी थांबलेली माणसं दादरला शोभतील अशी कोपरं मारत होती. मावशी सगळ्यांच्या पुढे. परदेशात आल्यापासून पहिल्यांदाच तिला माहेरी आल्यासारखं वाटलं.

गाडी रखडत गेली. गाडी तासभर उशिरा पोहोचली तर तिकिटाचे 25 टक्के, दोन तासांना 50 टक्के परत मिळतात, असं मी सहज सांगून गेलो. मावशीने घड्याळ मांडीवर घेतलं. पन्नास मिनिटं झाली तशी ती खिडकीतून सिग्नलकडे आशेने बघू लागली. एक लाल मिळाला तेव्हा तिने हात जोडले. समोरचे जर्मन आजोबाही घड्याळ बघत होते, आणि दोघांचा जीव एकाच ठिकाणी अडकलाय हे भाषेशिवाय कळत होतं.

गाडी हॅम्बुर्गला लागली तेव्हा उशीर भरला 57 मिनिटं.

“मेल्यांना उशीरसुद्धा धड करता येत नाही,” मावशी म्हणाली.