घोडनदी चालते, अधिकचं चिन्ह चालत नाही

शिरूरला घोडनदी म्हटलेलं कुणाला खटकत नाही. माझे आजोबा शेवटपर्यंत एसटीत ‘घोडनदी’ म्हणूनच तिकीट मागायचे आणि कंडक्टर मुकाट्याने फाडून द्यायचा. दौंड इंग्रजांच्या कागदात धोंड होतं, रेल्वेच्या लेखी ते नुसतं ‘डीडी’ आहे. आपल्या गावांना दोन-दोन नावं चालतात. माझ्या ईमेलला मात्र दुसरं नाव चालत नाही, आणि याचा मला मनापासून राग आहे.

मी प्रत्येक दुकानाला वेगळा पत्ता देतो. चपलांच्या दुकानाला एक, गॅसवाल्याला एक, विम्याला एक. त्याला एलियास म्हणतात. सगळ्यांवरची पत्रं माझ्या एकाच पेटीत येतात, आणि एखाद्या पत्त्यावर कर्जाच्या जाहिराती सुरू झाल्या की पत्ता कुणाकडून फुटला ते समजतं. तेवढा एलियास बंद केला की झालं. यासाठी मी सिंपललॉगिन हे ॲप स्वतः बसवलं. ती कंपनी 2022 मध्ये प्रोटॉनमध्ये सामील झाली, पण कोड खुला आहे.

शिरूरच्या घरातल्या कनेक्शनवर हे चालत नाही. आयपी बदलता आणि मेल पाठवायचं पोर्ट 25 बंद. म्हणून भाड्याने सर्व्हर घेतला, तर तिथेही पोर्ट 25 बंद. स्पॅमवाल्यांमुळे बंद ठेवतात, हे मला मान्य आहे. पण अर्ज केल्यावर उत्तर आलं, ‘आपल्याला मेल कशासाठी पाठवायचा आहे?’ मेल सर्व्हरने दुसरं काय करायचं असतं? तीन वेळा लिहिलं, तेव्हा पोर्ट उघडलं.

मग डीएनएस, म्हणजे डोमेनची नोंदवही. एमएक्स (मेल कुठे यावा) आणि एसपीएफ (कुणी पाठवावा) या नोंदी अर्ध्या तासात झाल्या. मेलवरच्या सहीची नोंद, डीकेआयएम, तिने दोन रात्री खाल्ल्या. 2048 बिटांची चावी एका तुकड्यात मावत नाही, कारण डीएनएसच्या एका तुकड्यात 255 अक्षरंच बसतात; ती तोडून दोन अवतरणांत लिहावी लागते. माझ्या पॅनेलने उरलेली अक्षरं गुपचूप कापून टाकली आणि वर ‘यशस्वीरीत्या जतन केले’ असं हिरव्या अक्षरात लिहिलं. चूक दाखवली असती तर मी झोपलो असतो.

दौंडच्या आत्याला हे सगळं का लागतं ते सांगणं सोपं गेलं. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, ते तिने आयुष्यभर पाहिलंय. गाडी तीच, ओढणारं तोंड बदललं. माझा सर्व्हर पत्र पुढे पाठवतो तेव्हा तसंच होतं. पत्र दुकानाचं, पण आणणारा सर्व्हर दुकानाच्या एसपीएफ यादीत नसतो, म्हणून पुढचा दरवान अडवतो. त्यासाठी पाकिटावरचा परतीचा पत्ता बदलावा लागतो. आत्या म्हणाली, ‘मग बदल की.’ बदलला.

तरी ओटीपी उशिरा येतो. काही सर्व्हर अनोळखी पाहुण्याला ‘थोड्या वेळाने या’ म्हणून परत पाठवतात. ओटीपी दहा मिनिटांचा, आणि थोडा वेळ म्हणजे पंधरा मिनिटं. शिवाय माझे एलियास वापरणाऱ्या आत्याने एका साडीवाल्याला आलेल्या पत्रावर उत्तर न देता नवीन मेल लिहिला आणि तिचा खरा पत्ता गेला. तिची चूक नाही. फोनमध्ये कुठला पत्ता बाहेर चाललाय, ते साठीच्या बाईला सहज दिसेल इतक्या मोठ्या अक्षरात का लिहीत नाहीत?

पण खरी अडचण सर्व्हरची नाहीच, काउंटरची आहे. दौंडच्या एका दुकानात मी पत्ता सांगितला. अ‍ॅट द रेट म्हणालो, पुढे माझं डोमेन सांगितलं. मुलाने मान हलवली आणि लिहिलं, जीमेल डॉट कॉम. मी म्हणालो, जीमेल नाही. तो म्हणाला, ‘सर, जीमेलच असतं.’ वॉरंटीचं बिल कुणा तिसऱ्याच माणसाकडे गेलं, आणि मिक्सर बिघडला तेव्हा मी बिलाशिवाय उभा होतो.

ऑनलाइन फॉर्म तर याच्याही पुढे. एलियासचा सोपा मार्ग म्हणून पत्त्यात नावापुढे अधिकचं चिन्ह टाकलं की लाल रेघ, ‘अवैध ईमेल’. 1982 च्या आरएफसी 822 या ईमेलच्या नियमावलीपासून हे चिन्ह पत्त्यात चालतं. जीमेलही ते स्वीकारतं. फॉर्म लिहिणाऱ्याने कुठून तरी एक ओळ उचलली, तपासली नाही, आणि माझ्या चांगल्या पत्त्याला खोटं ठरवलं. एका फॉर्मने नोंदणीला चिन्ह घेतलं आणि लॉगिनला नाकारलं. ते खातं अजून तिथेच अडकलंय, आत माझे चारशे रुपये आहेत.

मी त्यांच्या मदत केंद्राला लिहिलं. पत्ता तोच, अधिकचं चिन्ह असलेला. पोचपावती लगेच आली, त्याच पत्त्यावर.