कच्ची वीट, पक्की वीट

फोन वडिलांचा आहे का, हे आधी पाहा. असल्यास ‘चार्जिंगला लावलाय’ म्हणून दार लोटून घ्या. हे खोटे नाही. बॅटरी अर्ध्याखाली असताना पुढचे काहीच करायचे नाही.

कस्टम रॉम, म्हणजे कंपनीबाहेरची ऑपरेटिंग सिस्टीम, टाकता टाकता मेलेल्या फोनला जाणकार वीट म्हणतात. आपल्याला विटा दोन प्रकारच्या ठाऊक आहेत. कंपनीचे चिन्ह येते, जाते, पुन्हा येते, ही कच्ची. मोडून पुन्हा थापता येते. पडदा काळा आणि बटण दाबून साधी थरथरही नाही, ही पक्की. तिच्यातही चिप क्वालकॉमची असेल आणि कॉम्प्युटरच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ९००८ हा आकडा उमटला, तर धुगधुगी आहे. पण ते काम दुकानदाराचे. आपली कच्चीच आहे असे धरून चालू.

मात्र ती खरेच वीट आहे ना? नवे रॉम पहिल्यांदा सुरू व्हायला दहा मिनिटेही घेते. चौथ्या मिनिटाला धीर सुटून बटण दाबणाऱ्यांनी चांगले फोन घालवले आहेत. चहा टाका.

चहा संपला, चिन्ह तसेच? आवाज कमी करायचे बटण आणि पॉवरचे बटण एकदम दाबून धरा. जुन्या रेडमीवर टोपीवाला ससा अँड्रॉइडच्या बाहुल्याची दुरुस्ती करताना दिसेल. तो दिसला की फास्टबूट, म्हणजे कॉम्प्युटरकडून आज्ञा घ्यायची अवस्था, आली. कॉम्प्युटरवर ‘फास्टबूट डिव्हायसेस’ ही आज्ञा द्या. काहीच उमटले नाही, तर ड्रायव्हरला शिव्या घालण्याआधी केबल बदला. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा लागतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. स्टेशनबाहेरच्या स्वस्त केबलमध्ये कित्येकदा पहिल्या दोनच असतात.

आता कंपनीचे मूळ रॉम उतरवा. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, टोपणनाव जुळवा. स्नॅपड्रॅगनवाली रेडमी नोट ४ म्हणजे ‘मिडो’, नोट ३ म्हणजे ‘केन्झो’. रूपाने सख्ख्या बहिणी, पण एकीचे रॉम दुसरीला चालत नाही. तुम्ही काल बहुधा हेच केलेत.

हे रॉम फोनवर चढवायच्या ‘एमआय फ्लॅश’ या प्रोग्रॅममध्ये खालच्या कोपऱ्यात तीन पर्याय दिसतील: सगळे पुसा, डेटा राखा, सगळे पुसून कुलूप लावा. बऱ्याच आवृत्त्यांत तिसरा आधीच निवडलेला असतो. एवढा आगाऊपणा मी लग्नाच्या मध्यस्थांतही पाहिलेला नाही. चुकीच्या रॉमवर कुलूप बसले की फोन आतून बंद, आणि ते उघडायची परवानगी मागायला गेलात तर कित्येकदा १६८ तासांचा वनवास. पहिला पर्याय निवडा आणि हात मागे घ्या.

फोन जागा झाला की स्टार हॅश शून्य सहा हॅश लावा. आयएमईआय दिसला म्हणजे फोन लागेल. फोटो मात्र गेले.

बाबा विचारतील, ‘सुप्रभातचे सगळे फोटो कुठे गेले?’ ‘अपडेट आला होता,’ एवढेच सांगा, आणि अक्षरे आधी होती तेवढी मोठी करून द्या.