खलबत्त्याचं बाजारमूल्य

घरातलं मोठं माणूस गेलं की पहिले दोन दिवस लोक रिकाम्या हाताने येतात. तिसऱ्या दिवसापासून कापडी पिशवी घेऊन येणाऱ्यांवर नजर ठेवावी. मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून आपलं नाव निघालं असेल, तर ही नजर ठेवणं आता आपलं कायदेशीर कर्तव्य आहे. आपलंच नाव का निघालं याचा फार विचार करू नये. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं, की कधीकाळी गणपतीच्या वर्गणीचा हिशेब आपण पावत्यांसकट दिला होता.

सोयीसाठी आपण दादरचे अण्णा घेऊ. अण्णा काल्पनिक आहेत. त्यांची तीन मुलं, एक बहीण, एक गोदरेजचं कपाट आणि बँकेतला लॉकर हे सारं आपल्याच नात्यातलं आहे असं कुणाला वाटल्यास त्यास लेखक जबाबदार नाही.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याबद्दल कोर्टाने दिलेला दाखला. मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या तो सक्तीचा होता, पुण्यात नव्हता. पुणेकराचा शब्द तपासून घ्यावा लागत नाही, असा त्याचा अर्थ पुण्यात लावला जातो. दाखला मिळायला महिने लागतात आणि कुणी आडवं आलं तर वर्षं. पण भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, याच्या कलम २११ प्रमाणे अण्णांची मालमत्ता एक्झिक्युटर या नात्याने त्यांच्या मृत्यूपासूनच आपल्याकडे येते. म्हणजे अधिकाराचा कागद सावकाश येणार, आणि ‘आईची मोत्यांची नथ कुठाय?’ हा प्रश्न आजच येणार.

पहिलं काम किल्ल्यांचं. एक किल्ली अण्णांच्या जानव्याला असते, दुसरी उशीखाली आणि तिसरी देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या तांदळाच्या वाटीत. तिन्ही ताब्यात घेऊन प्रत्येक खोलीचे आणि प्रत्येक कप्प्याचे दारं उघडून फोटो काढावेत. लोक नावं ठेवतील. ठेवू द्यावीत, फोटोवर तारीख असते, नावांवर नसते. यादी तेराव्याच्या आधी पुरी व्हायला हवी, कारण तोवर कधीतरी शय्यादान उरकतं. गादी, उशी, छत्री, काठी, चपला आणि तांब्या-भांडं एवढी मालमत्ता मंत्रोच्चारात घराबाहेर जाते आणि पुढे कोणत्याच परिशिष्टात सापडत नाही. गादी देण्यापूर्वी ती चारही बाजूंनी दाबून पाहावी. अण्णांचा बँकांवर विश्वास होता, पण पुरता नव्हता.

दहाव्याला वेगळीच अडचण येते. पिंडाला कावळा शिवेना की घाटावरची मंडळी एकेक वचन सोडू लागतात. ‘अण्णा, धाकट्याला गाळा देऊ.’ ‘अण्णा, खलबत्ता बेबीआत्याकडेच जाईल.’ कावळा कधीतरी शिवतोच, आणि त्याच्या आधीचं शेवटचं वाक्य पुढे पुरावा म्हणून गावभर फिरतं. एक्झिक्युटरने नम्रपणे सांगावं, की कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्राला करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार लागतात. घाटावर साक्षीदार चाळीस होते, पण सही ना अण्णांची होती ना कावळ्याची.

आता उचलाउचलीकडे वळू. अधिकार नसताना मृताच्या चीजवस्तूंत जो हात घालतो, त्याला कलम ३०३ स्वतःच्याच अपकृत्याने झालेला एक्झिक्युटर मानतं, आणि हाती आलेल्या वस्तूंचा जाब त्याला द्यावा लागतो. अपवाद आहेत: वस्तू जपण्यासाठी, अंत्यविधीसाठी किंवा घरच्यांच्या तातडीच्या गरजेसाठी हात घातला तर चालतं. म्हणूनच बेबीआत्या चांदीचं ताम्हन पिशवीत घालताना ‘सांभाळायला नेतेय हो’ असं मोठ्याने म्हणतात. त्यांनी कायदा वाचलेला नाही. तो त्यांना उपजत येतो. वाद घालू नये. ‘हो आत्या, सांभाळायलाच,’ असं म्हणावं आणि तिथल्या तिथे ‘ताम्हन, चांदी, एक नग, आत्यांकडे सांभाळण्यास’ असं लिहून पुढे पेन करावं. सही मागितली की निम्म्या वस्तू पिशवीतून आपोआप परत येतात.

वस्तू मुळात अण्णांची होती का, हा त्याहून अवघड प्रश्न. त्यासाठी मराठी घरात निबंधक कार्यालयापेक्षा भरवशाची सोय आहे: भांड्यांवर घातलेली नावं. स्टीलच्या डब्याच्या बुडाशी टिंबाटिंबांनी ‘चि. सौ. कां. सुधा हिस मामाकडून, १२-५-१९७१’ असं असेल, तर तो डबा अण्णांच्या पत्नीचा, सुधाकाकूंचा, त्यांच्या लग्नातला. ते स्त्रीधन, अण्णांच्या यादीत ते येतच नाही. हाच नियम सोन्याला लावला की लॉकरमधलं अर्धं सोनं अण्णांचं कधीच नव्हतं असं निघतं, मग मृत्युपत्रात त्यांनी ‘माझे सर्व सोने’ असं कितीही ठसठशीत लिहिलेलं असो. चुलतभावाचं नाव असलेली दोन पातेली हमखास सापडतील. एखाद्या परातीवर मंगल कार्यालयाचं नाव निघालं, तर ती ‘मयताकडून देणे’ या सदरात दाखवावी.

सोन्याचं मूल्यांकन सरकारमान्य मूल्यांककाकडून करून घ्यावं. आत्यांच्या हाताच्या अंदाजावर विसंबू नये, जरी तो बराचसा बरोबर असला तरी. डाग आणि खडे वजा होतील, त्यावर रुसू नये. तोळ्याचं मात्र भान ठेवावं. अण्णांच्या वहीतला तोळा ११.६६ ग्रॅमचा आहे आणि आजच्या पेढीवरचा बोलीतला तोळा १० ग्रॅमचा. वहीतल्या पाच तोळ्यांच्या पाटल्या काट्यावर ५८ ग्रॅम भरल्या, म्हणजे सोनं वाढलेलं नसतं. आणि वहीत पाच तोळे असून त्या ५० ग्रॅमच भरल्या तर लगेच सुनेकडे पाहू नये. आधी वही कोणत्या साली लिहिली ते पाहावं.

त्यापेक्षा मोठा घोळ मोडीचा. ‘माझा गोफ थोरलीस’ असं मृत्युपत्रात आहे आणि गोफ मोडून मधेच कधीतरी तोडे केले. कलम १५२ सांगतं, की नेमून दिलेली वस्तू मरणसमयी मृत्युपत्र करणाऱ्याच्या मालकीची उरली नसेल किंवा तिचं रूपांतर झालं असेल, तर ते दान संपतं. तिथली उदाहरणं लिहिणाऱ्याने आपल्या घरात डोकावलं असावं अशी शंका येते: सोन्याच्या साखळीचा पेला केला, लोकरीचं कापड केलं, कापडाचा कपडा शिवला, की गेलं दान. पैठणी नातीला लिहून ठेवायची आणि पुढल्याच दिवाळीला तिचं परकर-पोलकं शिवायचं, हे करणाऱ्या सगळ्या आज्यांनी याची नोंद घ्यावी.

बाकी वस्तूंना किंमत लावताना एकच तत्त्व आहे: घेणारा काय देईल ते लिहायचं, अण्णांनी काय दिलं होतं, ते नाही. गोदरेजचं कपाट अभेद्य आहे, पण तिसऱ्या मजल्यावरून ते उतरवायला जे मागतात त्यात नवं येतं. तेव्हा नाममात्र आकडा टाकावा. जुन्या जरीच्या साड्या घेणारा धागा जाळून दाखवतो आणि मग पडेल चेहऱ्याने भाव सांगतो. पडेल चेहरा हा त्याच्या धंद्याचा भाग आहे. तीन घेणारे घासून पाहावेत.

लॉकर उघडायला जाताना दोन गोष्टी पाठ कराव्यात. एक, बँक स्वतंत्र साक्षीदारांसमोर यादी करते, पण आत सापडलेली बंद पाकिटं तिने उघडायची नसतात. त्यामुळे ‘सीलबंद पाकीट, एक’ एवढीच नोंद होते आणि आत काय होतं यावर पुढची दिवाळी जाते. दुसरी, आग लागली, चोरी झाली किंवा कर्मचाऱ्याने लबाडी केली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच. भाडं ३,००० असेल तर तीन लाख. अण्णांनी लॉकर लहान घेतला होता, स्वस्त पडतो म्हणून.

धाकटा मुलगा या सुमारास आठवण करून देईल की सगळीकडे नॉमिनी तोच आहे. त्याचं अभिनंदन करावं. नॉमिनी म्हणजे बहुतेक ठिकाणी पैसे हातात घ्यायचा मान; ते नंतर वारसांकडे पोचते करायचे. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबद्दल सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं, आणि तो खटला मुंबईतल्या एका मराठी घरातलाच होता.

एवढं सगळं पार पडल्यावर खरा प्रश्न समोर येतो, तो पितळी खलबत्त्याचा. गाळा, फ्लॅट आणि ठेवी यांची वाटणी एका दुपारी बिनतक्रार होते. खलबत्त्याची होत नाही. मोडीत त्याचं वजनाइतकं येईल आणि ते पैसे रिक्षाला जातील. तरीही थोरली म्हणते, आई मला त्यात वेलदोडा कुटायला बसवायची. धाकटी म्हणते, मला पैशाचं काही नाही, पण. ‘पण’च्या पुढचं वाक्य तिच्या वकिलाकडून येतं, कॅव्हेट म्हणून. त्यावर प्रतिज्ञापत्र आलं की प्रोबेटचा अर्ज दाव्यात बदलतो, आणि दावा चालू असेपर्यंत कोर्ट इस्टेटीवर प्रशासक नेमू शकतं. परक्या माणसाने खलबत्ता ताब्यात घेऊन त्याची पावती दिल्याचं दृश्य बहिणींना नुसतं वर्णन करून सांगावं. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर खल एकीला आणि बत्ता दुसरीला द्यावा, म्हणजे वर्षातून एकदा तरी दोघींना एकमेकींची दारं वाजवावी लागतील.

खर्चाची वही वेगळी ठेवावी. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची खरी आणि पूर्ण यादी कोर्टात द्यायची असते आणि वर्षाच्या आत जमाखर्च. अंत्यविधीचा खर्च सगळ्या कर्जांच्या आधी भागवायचा, पण मृताच्या दर्जाला शोभेल इतकाच, असं कायदा म्हणतो. तेराव्याला जिलबी की श्रीखंड, हा वाद म्हणूनच अण्णांच्या दर्जाचा वाद होतो. आचाऱ्याचं बिल जपून ठेवावं. घरकामाच्या बाईंचा पगार थकला असेल, तर मृत्यूच्या आधीच्या तीन महिन्यांपर्यंतचा अंत्यविधीच्या आणि प्रोबेटच्या खर्चानंतर लगेच द्यायचा. कलम ३२२ तेच सांगतं, आणि बाईंना ते आधीच ठाऊक असतं.

शेवटी उरतात ती कुणालाच नको असलेली दिवाळी अंकांची चळत, चष्म्यांची घरं, वारल्याच्या आदल्या वर्षापर्यंतची वीजबिलं आणि दातांची कवळी. कवळीचं बाजारमूल्य शून्य लिहावं. अंक मात्र रद्दीत घालण्याआधी पान न पान झटकावं. अण्णा शेअर सर्टिफिकेट कुठेही ठेवत. २०१९ पासून कागदी शेअर विकता येत नाहीत, पण वारसाच्या नावावर करून घेता येतात. आणि सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअर सरकारच्या फंडात जाऊन बसतात, ते परत आणायचा अर्जही आपल्यालाच भरायचा आहे. मग रद्दीवाल्याला बोलवावं. तो पावती देणार नाही. काटा लावताना त्याच्या उजव्या हाताशी उभं राहावं, वजन आपण लिहावं, आणि इंग्रजी पेपर मराठीपासून वेगळे करून द्यावेत, भाव वेगळा येतो.