ठेवून बिघडतंय

खर्ड्याच्या पेठेत कुठल्या ना कुठल्या दुकानाच्या कोपऱ्यात एखादा छोटा जनरेटर गोणपाट पांघरून पडलेला असतो. लोडशेडिंगच्या काळात त्याला जावयाचा मान होता. आता वळवाच्या पावसात लाईट गेली की त्याची आठवण होते. मग गोणपाट निघतं, कॉक उघडतो, चोक ओढला जातो आणि दोरीला झटके सुरू होतात. मालक दमला की नोकर, नोकर दमला की गिऱ्हाईक. "सरका, तुम्हाला जमत नाही" म्हणणारा एकजण प्रत्येक गर्दीत असतोच. त्यालाही जमत नाही.

शेवटी मिस्त्री येतो. दोरीला हात न लावता तो कार्बोरेटरची वाटी खोलतो. आत दिवाळीपासूनचं पेट्रोल. त्यातलं हलकं ते उडून गेलेलं, चिकट राळ तेवढी उरलेली, आणि जेटचं केसाएवढं भोक तिनं बुजलेलं. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतलं पाणीही ओढून घेतं. "वापरून नाय बिघडत शेठ, ठेवून बिघडतंय," मिस्त्री म्हणतो.

देखभालीचं दुर्दैव असं, की ती नीट झाली तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्याची बखर कोण लिहिणार? ११ मार्च १७९५ची खर्ड्याची लढाईच घ्या. तोफा, सरदार, डावपेच सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण इतिहासकार ग्रँट डफनं लिहिलंय, की त्या रात्री घोड्यांसाठी पाणी शोधणारी मराठ्यांची एक छोटी टोळी ओढ्याकाठी निजामाच्या लोकांवर जाऊन आदळली. गोळीबार झाला, अंधारात घबराट पसरली आणि निजाम अलीनं इथला निंबाळकरांचा भुईकोट गाठला. त्या स्वारांच्या मनात पराक्रम नव्हता. ते आपले रोजची देखभाल करायला निघाले होते.

जनरेटरचं मागणं घोड्यापेक्षा कमीच. नव्या इंजिनाचं ऑइल साधारण वीस तासांनी, नंतर दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलायचं. या लहान इंजिनांना बहुधा ऑइलचा फिल्टर नसतो, त्यामुळे घासून पडलेला कीस त्याच तेलात फिरत राहतो. म्हणून इंजिन गरम असतानाच तेल काढावं, म्हणजे गाळही वाहून येतो. हवेच्या फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवायचा, वाळवायचा, थोड्या तेलात बुडवून पिळायचा. आपल्याकडच्या उन्हाळी फुफाट्यात हे जरा लवकरच करावं. महिन्यातून एकदा जनरेटर दहा-पंधरा मिनिटं पंखा-दिवा लावून चालवायचा, तोही उघड्यावर. बंद खोलीत त्याचा धूर जीव घेतो, तिथं थट्टा नाही. बरेच दिवस ठेवायचा असेल, तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालू द्यायचा. मग गार झाल्यावर दोरी हळू ओढून जड लागेल तिथं सोडायची. तिथं दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, त्यामुळे आत दमट हवा जात नाही.

मिस्त्री हे सगळं सांगतो. जेट साफ करून एका झटक्यात इंजिन सुरू करून दाखवतो. शेठ पैसे मोजताना कुरकुरतात.

"महिन्यातून एकदा चालवत जा, मग मला बोलवावं लागणार नाही."

"लाईट असताना कशाला पेट्रोल जाळायचं?"

मिस्त्री वाद घालत नाही. खिशातून मार्कर काढून टाकीवर आपला मोबाईल नंबर ठळक लिहून जातो.