ओटा फोडायचा कुणी? एजंटसाहेबांस खुले पत्र

रा. रा. एजंटसाहेब यांस,
स. न. वि. वि.

आमचा कोथरूडचा फ्लॅट विकायला काढल्याचं कळताच आपण धावून आलात, हॉलकडे ढुंकूनही न पाहता तडक स्वयंपाकघरात शिरलात आणि ‘अरेरे’ म्हणालात. इतकं मनापासूनचं ‘अरेरे’ आम्ही मर्तिकालाही ऐकलं नव्हतं. पाठोपाठ सल्ला आला: ४ लाख घालून मॉड्युलर किचन करा, ८ लाख जास्त मिळतील. पैसे दामदुप्पट करणाऱ्या योजना महाराष्ट्रात याआधीही निघाल्या आहेत. त्यांचे चालक पुढे कुठे मुक्कामाला जातात, हे आपण जाणताच.

सुतारही आपलाच. ट्रॉल्या, टॅंडेम, क्वार्ट्झचा ओटा, सगळं त्याच्या जिभेवर. प्लायवर ‘आयएस ७१०’चा शिक्का दाखव म्हटलं, तर नेमका त्याला फोन आला. पक्कं बिल मागितलं तर ‘काका, कशाला जीएसटी भरताय?’ म्हणाला. घर विकताना सुधारणेचा खर्च भांडवली नफ्यातून वजा करून मिळतो, पण त्याला कागद लागतो. वहीच्या फाटक्या पानावरचा हिशेब आयकर खात्याला दाखवायची आमची छाती नाही.

मग आपणच गिऱ्हाईक आणलंत. गृहस्थांनी आल्या आल्या विचारलं, पार्किंग सोसायटीच्या कागदावर आहे ना? मग कन्व्हेयन्स झालंय का, शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर, इंडेक्स टू आहे का. बाईंनी मोबाइलवर होकायंत्र उघडलं, ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “शेगडीचं तोंड पूर्वेला हवं. हा फोडावाच लागेल.” आमचा ग्रॅनाइटचा ओटा! डाव्या हाताला नारळ फोडताना उडालेला टवका सोडला, तर आजही ठणठणीत. पण फोडायचाच असेल तर तो जुना फोडलेला बरा. आपल्या चार लाखांच्या क्वार्ट्झवर त्यांनी घण घातला असता, तर आम्हाला जिन्यातच भोवळ आली असती.

आणि त्याच बैठकीत आपण त्यांच्या कानात काय सांगत होतात? ‘बिल्डिंग तिशीला आलीय, रिडेव्हलपमेंटचं चाललंय, नवीन घरात जास्त कार्पेट मिळेल.’ अहो साहेब, जी इमारतच पाडायची आशा आपण विकताय, तिच्यात सॉफ्ट-क्लोज बिजागऱ्या कुणासाठी बसवायच्या? जेसीबीवाल्यासाठी?

बरं, आपले ते वाढीव ८ लाख करारनाम्यात दाखवले, तर पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्काने घेणाऱ्याला आणखी ५६ हजार पडतात. तो ते आपल्याकडून थोडेच मागणार आहे, आमच्याच किमतीतून कापणार. सरकारी रेडी रेकनर विभाग पाहतो, क्षेत्रफळ पाहतो, इमारतीचं वय पाहतो. ट्रॉल्या उघडून पाहायला कुणी येत नाही. वाढीव किमतीवरची आपली दलाली मात्र दोन्हीकडून बिनबोभाट वाढते. तेवढं गणित अगदी चोख आहे.

आम्ही काय केलं ते कळवतो. सिंकखालची गळती काढली, कारण खालच्या मजल्यावरच्या छताला आलेली ओल गिऱ्हाइकाला हमखास दिसते. नळ बदलला, एक्झॉस्ट फॅनवरचं तेल खरवडून काढलं, माळे रिकामे केले, भिंतींना पांढरा रंग दिला. उरलेल्या दिवसांत सोसायटीच्या कचेरीत खेटे घालून ना हरकत पत्र मिळवलं. ते हातात पडायला मॉड्युलर किचन बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि गिऱ्हाईक मागतं तेही तेच.

तेव्हा जाहिरातीतलं ‘लक्झुरियस किचन’ आजच्या आज काढा आणि लिहा: ‘स्वयंपाकघर जुने, गळती नाही, कागद पूर्ण.’ ज्याला ओटा फोडायचाय त्याने खुशाल फोडावा, पण खरेदीखत झाल्यावर आणि स्वतःच्या खर्चाने.

कळावे,
आपला,
एक विकाऊ फ्लॅटचा मालक