लिहून द्या

भाच्याला गाडी घ्यायची होती आणि मला भांडायला निमित्त हवं होतं, म्हणून आम्ही दोघं शोरूमला गेलो. त्याच्या खिशात कर्जमंजुरीचं पत्र, माझ्या हातात कापडी पिशवी. भाव करायला जाताना कापडी पिशवी न्यावीच. समोरच्याचा अंदाज चुकतो.

एक्स-शोरूम किमतीवर घसा कोरडा करण्यात फारसा अर्थ नसतो. ती कंपनीने ठरवलेली, आणि डीलरला त्यात सुटतंही बेताचंच. खरी कमाई क्वोटेशनच्या खालच्या अर्ध्या भागात असते. तिथे विमा असतो, हँडलिंग चार्जेस असतात, टेफ्लॉन कोटिंग असतं आणि ‘बेसिक किट’ नावाचा एक प्रकार असतो. बेसिक किट म्हणजे मॅट, मडफ्लॅप आणि किल्लीला अडकवायचं काहीतरी. दहा लाखांच्या गाडीत पायाखालचं मॅट वेगळं घ्यावं लागतं, हे ऐकून मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. विमा डीलरकडूनच घ्यायला हवा असा कायदा नाही, एवढं एकच वाक्य बोललो, तर प्रीमियम जागच्या जागी सात हजारांनी उतरला. हँडलिंगचं काय हँडल करता, असं विचारलं, तर तीही ओळ खोडली गेली. इथवर सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं.

मग समोरच्या सेल्समन पोराने भाच्याचे डोळे हेरले. वय सव्वीस, पहिली गाडी, टर्बो इंजिन. आवाज खाली आणून तो म्हणाला, “सर, परफॉर्मन्स पॅकेज बघणार?”

ब्याण्णव हजार. त्यात सोळाऐवजी सतरा इंची अलॉय, रुंद टायर, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर, ‘स्पोर्ट’ सायलेन्सर, मागे स्पॉयलर आणि ब्रेकच्या कॅलिपरला लाल कव्हर. मागे तर ड्रम ब्रेक आहेत, असं मी म्हटलं. “ड्रम लाल रंगवून देऊ ना, काका.” मी ‘सर’वरून ‘काका’वर घसरलो होतो. भाचा अजून ‘सर’ होता.

आता या यादीतली गंमत बघा. मोठी चाकं बहुतेक वेळा जड असतात. ते वजन फिरवायचं इंजिनाने आणि थांबवायचं ब्रेकने, म्हणजे पैसे मोजून गाडी जरा मंदच करून घ्यायची. टायरचा घेर पाच टक्क्यांनी वाढला तर काटा ऐंशी दाखवेल आणि गाडी चौऱ्याऐंशीने पळत असेल. दंडाची पावती चौऱ्याऐंशीची येईल. शिवाय टायरची भिंत जितकी बुटकी, तितका खड्ड्याचा दणका थेट रिमला. आणि आपल्याकडे खड्डा शोधायला जावं लागत नाही, तोच घरी येतो. तो शंकूसारखा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. तापलेली हवा विरळ, विरळ हवेत प्राणवायू कमी. आवाज मात्र झकास येतो, तेव्हा पैसे आवाजाचे, असं धरून चालावं. लाल कव्हरं ब्रेकची उष्णता कोंडून धरतात. स्पॉयलरबद्दल मी काही बोलत नाही. संध्याकाळी सहा वाजता सिंहगड रस्त्यावर अडकलेल्या गाडीला स्पॉयलर असणं ही श्रद्धेची बाब आहे.

यादीत नसलेली एकच गोष्ट खरी होती, आणि ती शेवटी कुजबुजून आली. “रिमॅप करून देतो सर. स्टेज वन. आपला माणूस आहे.”

रिमॅपने ताकद वाढते, यात खोटं काही नाही. टर्बो इंजिनात हवेचा दाब किती आणि इंधन किती हे ठरवणारे तक्ते इंजिनाच्या संगणकात, म्हणजे ईसीयूमध्ये असतात. ते बदलले की छोटंसं इंजिनही दंड थोपटू लागतं. पण क्लच आणि गिअरबॉक्स कारखान्यातून निघतात ते मूळच्या टॉर्कचा हिशेब धरून, त्यांना या बढतीची बातमी कोणी दिलेली नसते. आणि वॉरंटी?

“सर्व्हिसिंगच्या आधी परत स्टॉक करून देऊ. कळणारच नाही.”

बरेच ईसीयू आपल्यात किती वेळा ढवळाढवळ झाली याची नोंद ठेवतात, त्यामुळे कळतं. पण मला कौतुक वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. पुढच्या दाराने वॉरंटी विकायची, मागच्या दाराने ती घालवायची सोय विकायची, आणि मधल्या काउंटरवर एक्सटेंडेड वॉरंटीचं माहितीपत्रक ठेवायचं!

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने ठरवलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असे फेरफार गाडीत करायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. दंड मालकाला. बसवून देणाऱ्या आपल्या माणसाचं नाव आरसीवर कुठे असतं?

भाचा यूट्यूबवर वाढलेला. म्हणाला, “मामा, अमेरिकेत डीलरच बसवून देतात.” देतात की. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचा डॉन येंको हा शेव्हरलेचा डीलर 1967 पासून कॅमॅरोचं इंजिन काढून तिथे सात लिटरचं, 427 घनइंची धूड बसवून विकत होता. आज त्या गाड्या लिलावात लाखो डॉलरला जातात. पण 1969 साली त्याच येंकोने ते इंजिन शेव्हरलेकडून कारखान्यातच बसवून घ्यायला सुरुवात केली. अंगात रग होती, तरी माणूस व्यवहारी. पुढेही तिथे टोयोटाच्या काही गाड्यांना कंपनीचाच सुपरचार्जर डीलरकडे बसवून मिळत असे, वॉरंटी शाबूत ठेवून. म्हणजे तिथे घासाघीस किमतीवर होते. आपल्याकडे ती ‘काही होत नाही सर’ या चार शब्दांवर होते.

म्हणून मी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, “लिहून द्या.”

“काय, काका?”

“हेच. काही होत नाही म्हणून. तुमच्या लेटरहेडवर. हे सगळं आम्ही बसवलं, वॉरंटी कायम, आरटीओने अडवलं तर आम्ही निस्तरू.”

पोरगा मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. काचेआड बरेच हातवारे झाले. दहा मिनिटांनी तो खरोखरच एक छापील कागद घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं की वरील बदल ग्राहकाने स्वतःच्या जबाबदारीवर करून घेतले असून त्याच्याशी शोरूमचा संबंध नाही. खाली सहीची जागा भाच्याची.

भाचा तो कागद दोनदा वाचून गप्प झाला. महिन्याची तीस तारीख होती, पोराचं टार्गेट एका गाडीने अडलं होतं. हे त्यानेच चहा देताना बोलून टाकलं होतं. ब्याण्णव हजारांचं पॅकेज रद्द झालं. मॅट फुकट, अठरा हजारांची सूट रोख, आणि कंपनीची एक्सटेंडेड वॉरंटी निम्म्या किमतीत.

डिलिव्हरीच्या दिवशी हार, नारळ, पेढे, लाल कापड ओढताना फोटो, सगळं झालं. कापड निघालं तर डिकीवर हातभर लांबीचं लाल ‘स्पोर्ट’. कोणी सांगितलं होतं, असं विचारलं, तर पोराने हसून बिल पुढे केलं. शेवटची ओळ : ‘स्पोर्ट डिकॅल, 1,850’.

तेवढं मात्र लिहून दिलं होतं.